चौथी आलेली लेआ आणि आमची रोह्याची वाट

सन दोन हजार चोवीस. मी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होतो. रोह्याला त्याआधी किती वेळा गेलो असेन ते मोजलेलं नाही. बाजाराला, लग्नाला, मयताला, एकदा बैल बघायला. त्यातलं एकही जाणं लिहिण्याजोगं नव्हतं. हे एक आहे. शिवाय गावात आता जो तो ही गोष्ट आपापल्या परीने सांगतो, आणि सांगणाऱ्यांपैकी गाडीत कोणीच नव्हतं. गाडीत मी होतो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण हात चालतो आणि डोकंही चालतं, म्हणून लिहायला बसलो.

पेणजवळ, आमचं गाव

आमचं गाव पेणच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. भात काढलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, हे आमचं पीक. माझ्या लहानपणी गावात शनवार तेल्यांची तीन घरं होती. जातीने यहुदी. घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून ते नाव पडलं. बोलायचे आमच्यासारखंच. त्यातली सारा माझ्याबरोबर शाळेत होती. मी तिसरीत शाळा सोडली. ती शिकत राहिली, नर्स झाली, मुंबईला गेली आणि तिथून इंग्लंडला. बाकीची दोन घरं इस्रायलला गेली. आता तिथे नुसती जोती आहेत.

सारा दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारली. तिची चुलत बहीण रिबकाबाय रोह्याला असते. जानेवारीत रिबकाबायचा फोन आला. "बाळाराम, साराची नात येते इंग्लंडहून. आधी तुझ्याकडे येईल, तिला आजीचं जोतं दाखव. मग तिला घेऊन माझ्याकडे ये. आणि येताना पेणचे जाडे पोहे आण, चांगले दोन किलो."

मी विचारलं, "करते काय पोरगी?"

"धावते. मधे अडथळे ठेवतात, त्यांच्यावरून धावते. त्यांच्या देशाकडून."

हे ऐकल्यावर मी गप्प बसणारा माणूस नाही. पाहुणी अडथळ्यांवरून धावते तर आपण अडथळे मांडले पाहिजेत. मी बांबू तोडले. कापलेल्या भाताच्या शेतात पहारीने खड्डे घेतले, खुंट पुरले, दगड घालून ठोकले, वर आडवे बांबू सुंभाने आवळून बांधले. चार अडथळे केले. माझा भाचा रमेश डोलवीच्या कंपनीत कामाला आहे. तो रात्रपाळी करून तिला विमानतळावरून घेऊन आला आणि शेत बघून म्हणाला, "मामाचं कुंपन हाय. रेडा धडकला तरी रेडाच दवाखान्यात जाईल."

मला ते बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण पुढे काय झालं तेही लिहायचं आहे.

पोरगी उतरली. लेआ तिचं नाव. उंच, सावळी, केस मागे घट्ट बांधलेले, वय एकतीस. मी म्हटलं आता इंग्रजी कोण बोलणार. तर ती माझ्या बायकोकडे, अनुसयेकडे बघून म्हणाली, "काय गो, बरी हायस ना?"

अनुसया पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. पोरीला मराठी आजीकडून आलेली. तीही साठ वर्षांपूर्वीची, आमच्या गावची, जशीच्या तशी. माझी नात पेणला कॉलेजात जाते, ती 'आहे', 'नाही' म्हणते. इंग्लंडची पोरगी 'हाय', 'नाय', 'व्हय' म्हणत होती. मधेच एखादा शब्द नसला की इंग्रजी घालायची, रमेश तो सांगायचा.

मी तिला आधी शेतावर नेलं. ती अडथळ्यांजवळ गेली, एकाला हात लावून ढकललं. हललं नाही. मग पाय लावून ढकललं.

"बाला आजा," ती म्हणाली, "ह्ये पडत नाय."

"पडायचं कशाला? मी बांधलंय."

"पडायला पायजे. माझा पाय लागला तर ह्ये पडलं पायजे. नायतर मी पडन."

मला हे पटेना. मी विचारलं, पडतं तर तो अडथळा कसला? आमच्याकडे कुंपण पडलं तर माणसाची लाज जाते, गुरं पिकात शिरतात. ती धसकटांत उकिडवी बसली आणि मातीत काटकीने काढून दाखवलं. त्यांच्या अडथळ्याला खाली दोन पाय असतात, ते धावणारा येतो त्या बाजूला. त्यांत वजन असतं. समोरून धक्का बसला की तो पुढे आडवा होतो. पाडला म्हणून माणूस बाद होत नाही, फक्त वेळ जातो. असे दहा. आणि दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावलं टाकायची, उंच असो की बुटकी. चौथं पाऊल टाकलं की शर्यत गेली.

"म्हंजे उडी मारता," मी म्हटलं.

"उडी नाय. उडी मारली की हरलो. वर जायचं नाय, पुढं जायचं. तो मला अडवायला नसतो, आजा. त्याच्यावरून मी किती खालून जाते ते बघायला असतो."

मी त्यावर बराच वेळ विचार केला. अजून करतो.

मग मी चारपैकी दोन अडथळ्यांचे खुंट उपटले, बेचक्याची लाकडं रोवली, आणि वर बांबू नुसता ठेवला, न बांधता. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. म्हटलं, आता धाव. ती धावली नाही. चालत गेली, एक पाय सरळ पुढे टाकला, दुसरा कुशीतून आडवा वळवून बांबूवरून असा नेला की वाटावं तो पाय तिच्या अंगाला दुसरीकडेच कुठे जोडलेला आहे. मग परत आली.

"बस?"

"डाक्तरने सांगितलंय, उंचसखल जमिनीवर धावू नको. टाच." तिने डावी टाच दाखवली. मागे उभा वण होता, वीतभर.

परतताना तिला साराचं जोतं दाखवलं, आणि संध्याकाळी पोपटी लावली. ज्यांनी कधी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, तोंडाला परत पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. पाणी नाही, तेल नाही. लेआने शेंगा आणि अंडी खाल्ली, कोंबडी घेतली नाही. अनुसयेला आधीच ठाऊक होतं. तिने तिच्या शेंगा आणि अंडी वेगळ्या मडक्यात लावली होती. "सारा पन आमच्या हातचं कापलेलं खायची नाय," ती म्हणाली. "तू खा गो शेंगा. दाना चिमटून काढ, नखाने नको."

वाटेत

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला पोह्याच्या गिरणीवरून पोहे घेतले आणि निघालो. वडखळला नेहमीसारखे ट्रेलर उभे. पुढे हायवेचं काम. रोह्याला जायचा फाटा नागोठण्याला आहे. तिथे पूल, पुलाखालून रस्ता, बाजूने दुसरा रस्ता. रमेशने मोबाइलवर बघायला घेतलं. मी म्हटलं, "ठेव तो. रोह्याचा रस्ता मला विचार. सरळ चल."

सरळ गेलो ते कोलाडला पोचलो.

"मामा, रोहा मागं रायलं," रमेश म्हणाला.

"कोलाडवरून पन जातो रोह्याला रस्ता."

"जातो. गोव्यावरून पन येतो परत."

लेआ मागे हसत होती. मी म्हटलं, भूक लागली म्हणून मुद्दाम आणलं. आणि उतरून एका खाणावळीत बसलो. तिथे मला तिची सगळी हकीगत कळली, म्हणजे चुकीचा रस्ता चुकीचा नव्हता.

साराचं घर तिकडे एका रांगेत होतं, सारखी सारखी घरं, प्रत्येकापुढे बाग आणि मधे कमरेएवढी भिंत. सारा आपली तांदळाची गोड सांदणं करायची आणि पोरीला शेजारी वाटायला पाठवायची. ही फाटकातून न जाता भिंतींवरून जायची, ताटली हातात धरून. रांगेच्या शेवटी एक टपालवाला राहायचा, तरुणपणी धावलेला. त्याने साराला सांगितलं, ही ताटलीतलं काही सांडत नाही, हिला माझ्याकडे द्या. तोच तिचा गुरू. अजूनही तोच.

मग शाळेच्या शर्यती, जिल्ह्याच्या, देशाच्या. दोनदा इंग्लंडच्या संघातून परदेशी गेली. अर्धा दिवस शाळेत पोरांना खेळ शिकवायची, अर्धा दिवस सराव. पुढे एका शर्यतीत पहिली चालली असताना नवव्या अडथळ्याला पाय लागून पडली. त्यानंतर सरावात टाचेची शीर तुटली. वर्ष गेलं त्यात. परत उभी राहिली. मागल्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती. तीन जणी जाणार होत्या.

"मी चवथी आले," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

रमेशने ती शर्यत मोबाइलवर शोधली. आठ जणी, बंदुकीचा बार, आणि पापणी लवेपर्यंत संपलं. मी म्हटलं परत लाव. परत लावली. मला तिचा तो कुशीतून वळणारा पाय बघायचा होता, पण तो दिसायच्या आधीच ती पुढच्या अडथळ्यावर असायची. मी म्हटलं अजून एकदा.

"आजा," ती म्हणाली, "कितींदा बघशील? दर टायमाला चवथीच येनार मी."

आणि आता असं होतं. डॉक्टर म्हणाले, उजव्या टाचेची शीरही झिजली आहे. धावलीस तर कदाचित टिकेल, कदाचित तुटेल. परत तुटली तर जन्मभर लंगडशील. टपालवाला म्हणाला, तू ठरव, मी काही बोलणार नाही. इथून परत जायच्या आत तिला त्याला सांगायचं होतं: अजून एक वर्ष, की बस.

मी माझं मत लगेच सांगितलं. मत असून न सांगणं मला जमत नाही. "चवथी आलीस म्हंजे एकीलाच मागं टाकायचं रायलंय. अर्ध्यावर शेत सोडतात काय?"

"आजीने नवस केलेला," ती म्हणाली. "माझ्या धावन्यासाठी. मालिदा करीन म्हनली होती. मला वाटतं तो फेडावा आनि जावं."

मालिदा म्हणजे त्यांचा नैवेद्य. एलियाहू नबीच्या नावाने करतात. मी म्हटलं, "मेडल आलं? नाय. मग नवस पुरा झाला नाय. न झालेला नवस फेडायचा नसतो. देव म्हनेल, ह्यांना घाई झाली."

"मामा देवाचा वकील हाय," रमेश म्हणाला आणि चहा सांगितला.

रोहा

रिबकाबायचं घर नदीपलीकडे, अष्टमी गावात. दाराच्या चौकटीला एक बोटभर नळी तिरकी ठोकलेली असते. त्यात त्यांचं देवाचं लिखाण. लेआने तिला बोटं लावली आणि बोटांचं चुंबन घेतलं. आम्ही उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो. मी उंबऱ्याला लावला. दोघांचं काम एका दारात झालं.

"बाळ्या, अजून जिता हायस?" रिबकाबाय आतून म्हणाली.

"तुझ्या आधी जायचं नाय असं ठरवलंय."

"मग बस लई वर्सं."

तिचं वय माझ्याहून चार-पाच वर्षं जास्त. डोळे गेले आहेत, पण तोंड शाबूत आहे. तिने लेआचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, मग खाली वाकून दोन्ही टाचा चाचपल्या. मला ते विचित्र वाटलं. पाहुण्यांच्या पायाला असा हात कोण लावतं. मग जेवायला वाढलं: नारळाच्या दुधातली मासळी आणि तांदळाची भाकरी. आमच्या घरच्यापेक्षा आंबट कमी, पण चव विसरण्याजोगी नाही.

जेवण झाल्यावर तिने विचारलं, "पोहे आनलेस?"

"आनले. नाश्त्याला आता कशाला?"

"नाश्त्याला नाय, मालिद्याला. आज संध्याकाळी करायचाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या गोष्टीविरुद्ध मी सगळ्या रस्त्यात भांडलो, तिचं सामान मीच वाहून आणलं होतं. मी म्हटलं, "रिबकाबाय, तो नवस पुरा झाला नाय. पोरगी चवथी आली. मेडल आल्याबिगर मालिदा कसला?"

"मेडल?" ती म्हणाली. "मेडलाचं तुला कोनी सांगितलं?"

मी लेआकडे बघितलं. लेआ म्हणाली, "आजी म्हनायची, नवस तुझ्या धावन्यासाठी हाय."

"सारा शेवटची हिकडं आली होती तवा आमी दोघी गेलो होतो अलिबागकडं, नबीच्या खडकाजवळ. मी तिच्या बाजूला उभी होते. हाताला हात लागत होता." रिबकाबायने हात पुढे करून दाखवलं. "मेडलाचं नावसुदीक काढलं नाय तिने. म्हनली, पोरीचं धावनं संपेल तवा दोनी पाय शाबूत असू दे. दोनी पायांनी माझ्या दारात येऊ दे. मी मालिदा करीन. येवढंच."

 लेआ खाली बघत होती. मी म्हटलं, "मग अजून करता येत नाय. धावनं कुठं संपलंय?"

"तेच तिला ठरवायचंय, बाळ्या. तुला नाय."

"मी म्हनतो अजून एक वर्स..."

"तुझ्या टाचेवर म्हनतोस?"

मी उठून चूळ भरायला गेलो. 

ऊन कललं तशी लेआ मला म्हणाली, चल आजा, नदी दाखव. कुंडलिकेच्या काठी जाऊन बसलो. पाणी संथ होतं. पलीकडे बायका कपडे धूत होत्या, एकीची बादली वाहत चालली होती आणि दुसऱ्या तिला चिडवत होत्या. लेआ चपला काढून पाय पाण्यात सोडून बसली. डाव्या टाचेचा वण पाण्यात पांढरा दिसत होता.

"बाला आजा, तू शेत कवा सोडनार?"

"मेल्यावर."

"पोरं काय म्हनतात?"

"म्हनतात सोड. म्हनू देत."

तिने पाण्यात पाय हलवले आणि म्हणाली, "मला मेल्यावर नाय सोडायचं." आणि मग, "चवथी आले तवा मी एक पन अडथळा पाडला नाय, आजा. एक पन नाय. सगळ्यात चांगली धावले ती त्याच दिवशी. घड्याळात पन. तरी चवथी. कोच तवा म्हनला, ह्याच्याहून चांगलं धावनं आता नाय. मी त्याला म्हनले, अजून हाय. पन नाय."

मला वाटलं होतं माणूस हरतो म्हणून सोडतो. सगळ्यात चांगलं धावून झालं म्हणून सोडायचं, हे मी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून मत निघालं नाही.

तिने तिथेच फोन लावला. इंग्रजीत बोलली. मला कळलं नाही, पण बोलणं थोडं होतं. मधे पलीकडून टपालवालाच बोलत राहिला. मग ती हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकदमच. फोन ठेवून म्हणाली, "तो म्हनतो, सांदणं कोन वाटनार आता?"

घरी परत आलो तर रिबकाबायने पोहे धुऊन ठेवले होते. लेआने त्यात गूळ आणि ओलं खोबरं कालवलं, वेलची घातली. तबकात ढीग करून भोवती केळी, चिकू, सफरचंद, खजूर, डाळिंब मांडलं, वर एक गुलाब. त्यांच्यात मोठ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रोह्यात आता दहा कुठून आणायचे. मी म्हटलं, मी बसतो, रमेशला बसवा.

"तू मोजन्यात येत नाय," रिबकाबाय म्हणाली. "पन बस. बसायला कोनी नाय म्हनत नाय."

ती पाठ असलेलं म्हणत गेली, लेआ मधे मधे साथ देत होती. शब्द मला परके होते, चाल मात्र आमच्या आरतीच्या अंगाने जायची. शेवटी रिबकाबायने मूठभर मालिदा आधी लेआच्या हातावर ठेवला, मग माझ्या. गोड, थोडा दाताखाली येणारा. पेणचे जाडे पोहे असल्यामुळे लगदा झाला नव्हता. हे मी तिथे बोलून दाखवलं आणि कोणी नाही म्हटलं नाही.

लेआ पुढचे दोन दिवस रिबकाबायकडे राहणार होती आणि तिथूनच विमानाला जाणार होती. निघताना तिने माझ्या पायाला हात लावला. आजीने शिकवलं असावं. तिला प्रत्यक्ष धावताना मी बघितलं नाही आणि आता बघायचा नाही. रमेशच्या मोबाइलवर चौथी येते, तेवढंच. परतताना नागोठण्याचा फाटा त्याने मला न विचारता घेतला.

घरी पोचलो तेव्हा अनुसया झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, नेहमीप्रमाणे गुडघ्याला फडकं आवळून बांधलं आणि चुलीपाशी चहा घेताना तिला सगळं सांगितलं: चौथा नंबर, टाच, सारा काय बोलली होती, मालिदा. शेवटी म्हटलं, "तिच्या पायांसाठी आजीने नवस केला म्हनून ती थांबली. माझ्या पायांसाठी काय कोनी नवस केलेला नाय. मला काय थांबायचं कारन नाय."

अनुसया भाकरी थापत होती. ती थांबली नाही, वरही बघितलं नाही.

"तुमाला कोनी सांगितलं, नाय म्हनून?"

मी चहा संपवला, टोपली घेतली आणि वालाच्या शेंगा तोडायला गेलो. मधला बांध मी रोज एका ढांगेत ओलांडतो. त्या सकाळी काठी टेकली, आधी एक पाय ठेवला, मग दुसरा.